कोटीतला एक किरण

ऐन दिवाळीत, घरोघर दिव्यांचे कौतुक चालू असताना, प्रकाश अडवण्याच्या कलेविषयी लिहिणे काही वाचकांना अप्रशस्त वाटेल. पण चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाचे सारे मर्म या कलेतच आहे.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांना जे दिसले ते थोडक्यात असे : एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की, विखुरणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा अंश रंग बदलून बाहेर पडतो. किती बदलतो, हे त्या पदार्थाचे रेणू कसे थरथरतात यावर ठरते. म्हणजे प्रत्येक पदार्थ जणू आपली सहीच करतो. मराठीत 'वर्ण' म्हणजे रंग आणि अक्षरही; तेव्हा 'वर्णपट' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी सार्थ होतो.

पंचाईत एवढीच की, सही करणारा किरण कोटीत एखादा! पेट्रोमॅक्सच्या बत्तीशेजारी काजवा शोधण्यातलाच हा प्रकार. रामन यांनी दोन गाळण्या घेतल्या. पहिलीने सूर्यप्रकाशातला जांभळा रंग तेवढा आत सोडला, दुसरीने तोच अडवला. तरीही जो पुसट प्रकाश उरला, त्याने १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले.

पण रंगीत गाळणी शेजारचे रंगही गिळते. पुढे लेसर आला, तरी मूळ किरण हटवायला दोन-तीन वर्णपटमापक एकामागे एक जोडावे लागत. यंत्र अवजड होई आणि मुळातच दुबळा प्रकाश वाटेत आणखी हरवे.

यावर तोड निघाली ती जेलीत घालतात त्या जिलेटिनमधून! त्यात डायक्रोमेटचा क्षार मिसळून काचेवर पातळ लेप देतात आणि लेसरचे दोन झोत त्यात एकमेकांवर आणतात. दोन्ही लाटांच्या मिलाफातून पडणारे पट्टे लेपात थराथरांनी कायमचे उमटतात. हाच होलोग्राम, डेनिस गॅबर यांच्या १९४७ च्या कल्पनेचे हे अपत्य. हे थर एकच ठरावीक रंग परतवतात आणि शेजारच्यांना वाट देतात. ओल मात्र त्यांना सोसत नाही, म्हणून लेप दोन काचांत बंद करतात. १९९० च्या सुमारास अशा गाळण्या मिळू लागल्या आणि यंत्र टेबलावर मावू लागले.

अशाच जिलेटिनच्या जाळ्या प्रकाशाचे रंग फाकवण्याचेही काम करतात. आपल्या गणेशखिंडीतील 'आयुका' दक्षिण आफ्रिकेतील ज्या 'साल्ट' दुर्बिणीत भागीदार झाली, तिच्या वर्णपटमापकात त्या आहेत.

आता घरातली गोष्ट. रामनच्या वर्णपटाने बाटली न उघडता आतले औषध ओळखता येते. हिऱ्याची रेघ १३३२ या आकड्यावर उमटते. काच कितीही झगमगली तरी तिला ती सही साधत नाही. मात्र हिरा खाणीतला की कारखान्यातला, हे ही एकटी रेघ सांगत नाही, कारण दोन्ही खरेच हिरे. किमतीत मात्र मोठे अंतर! तेव्हा पाडव्याच्या ओवाळणीसाठी कुडी घेताना "हिरा खरा आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. तो जन्मला कुठे, तेही सराफाकडून लिहून घ्या.