मालमोटारींचे आंकडे आणि माणसांचे प्राण

गेल्या वर्षीं पालक-सभेच्या दिवशीं घडलेली एक लहानशी गोष्ट माझ्या मनांतून अजून जात नाहीं. सभा आटोपून वर्ग रिकामा झाला, तरी शेवटच्या बांकावर एक गृहस्थ मान खालीं घालून बसलेले दिसले. जवळ जाऊन पाहतों तों ते गाढ झोंपीं गेलेले! ते माझ्या वर्गांतील एका मुलाचे वडील. धंदा मालट्रक चालविण्याचा. जागे करतांच ते ओशाळून म्हणाले, "माफ करा, सर. दोन रात्री गाडीवरच होतो." मीं विचारलें, "मग भाऊ, वाटेंत कोठें गाडी उभी करून झोंप घ्यावयाची नाहीं का?" ते हंसले व म्हणाले, "गाडीत जी.पी.एस. बसवलंय, सर. गाडी थांबली की लगेच फोन येतो, का थांबलास म्हणून. मी झोपलो का नाही, ते त्या यंत्रात दिसत नाही."

हें उत्तर ऐकून मी निरुत्तर झालों. तें यंत्र खोटें बोलत नव्हतें. "माल कोठवर आला?" एवढाच प्रश्न त्यास विचारण्यांत आला होता, आणि त्याचें उत्तर तें इमानानें देत होतें. "माणूस कसा आहे?" हा प्रश्न त्यास कोणीं विचारलाच नव्हता. आंकडे हे आज्ञाधारक नोकराप्रमाणें असतात. जें विचारावें तेवढेंच ते सांगतात. म्हणून मालमोटारींचे अपघात टाळावयाचे असतील, तर नुसतीं यंत्रें बसवून भागणार नाहीं, त्यांस योग्य प्रश्न विचारण्यास आपण शिकलें पाहिजे, असें माझें मत आहे. आणि तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, हाच या लेखाचा हेतु होय.

हा विषय आपल्या घरापासून दूरचा नाहीं. आपला जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आहे. पुण्याकडून सुप्यावरून येणारा रस्ता, राहुरी-कोपरगांववरून मनमाडकडे जाणारा रस्ता, संगमनेरवरून जाणारा पुणें-नाशिक मार्ग, आणि उत्तरेस कोपरगांव-शिर्डीजवळून जाणारा समृद्धि महामार्ग, हे सर्व रात्रंदिवस मालानें वाहत असतात. त्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उंसाच्या गाड्यांची भर पडते. ज्या जिल्ह्यांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहून सहकाराची वाट साऱ्या देशास दिसली, त्या जिल्ह्यांत हिंवाळ्याच्या अंधारांत, मागें दिवा नाहीं, लाल परावर्तक पट्टी नाहीं, अशी उंसानें खचाखच भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असावी, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास ती दिसते तेव्हां बहुधा फार उशीर झालेला असतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं; एकट्या महाराष्ट्रांत १५,२२४. दिवसाच्या हिशेबानें देशांत रोज सुमारें ४६० घरांतून रडण्याचा आवाज उठला. याच अहवालांत वाहतुकीच्या नियमभंगाचें एक कोष्टक आहे. त्यांत अतिवेग, मद्यपान, उलट दिशेनें गाडी हांकणें, लाल दिवा न मानणें, मोबाईलवर बोलणें असे रकाने आहेत, आणि मृत्यूंपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यु अतिवेगाच्या रकान्यांत पडतात. परंतु झोंपेसाठीं त्या कोष्टकांत वेगळा रकाना नाहीं. आतां विद्यार्थ्यांनीं एक सोपें गणित करून पाहावें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. म्हणजे चालकाचा डोळा तीन सेकंद लागला, तर पंधरा-वीस टनांचा भार ५० मीटर आंधळा धांवतो. अशा अपघाताच्या कागदावर पुढें "अतिवेग" एवढाच शब्द उरला, तर त्या चालकाच्या मागल्या दोन रात्री कोणाच्या हिशेबांत धरावयाच्या?

योग्य नोंद केल्यानें प्राण वांचतात, हें जगानें पूर्वींच अनुभविलें आहे. १८५४ सालीं लंडन शहरांत पटकीची सांथ आली असतां डॉक्टर जॉन स्नो यानें मृतांचीं घरें कोठें होतीं तें तपासलें, आणि तीं एका पाण्याच्या पंपाभोंवतीं दाटलेलीं आहेत असें त्यास आढळलें. त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. रस्त्याच्या बाबतींतहि हीच रीत आतां आपल्या देशांत येत आहे. २०२१ सालीं महाराष्ट्रासह सहा राज्यांत अपघातांची एकत्रित नोंद ठेवण्याची योजना सुरू झाली. मद्रासच्या आय.आय.टी.नें ती तयार करण्यांत भाग घेतला असून, पोलीस अपघाताच्या जागेवरूनच मोबाईलवर स्थान व छायाचित्र नोंदवितात. राष्ट्रीय महामार्गावर सुमारें ५०० मीटरांच्या टप्प्यांत तीन वर्षांत गंभीर स्वरूपाचे पांच अपघात किंवा दहा मृत्यु झाले, म्हणजे त्या जागेस अपघातप्रवण ठरवून तिची दुरुस्ती करावयाची, असा दंडक आहे.

मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०१६ सालीं १५१ माणसें मेलीं. त्या वर्षीं 'सेव्ह लाईफ' संस्था व रस्ते विकास महामंडळ यांनीं तेथील अपघातांचा एकेक करून अभ्यास आरंभिला. कडेला उभे राहणारे ट्रक, मागून बसणारी धडक, उघडे दगडी कठडे, असे दोष हुडकून त्यांवर उपाय योजले, आणि २०२३ पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खालीं आली, असें ती संस्था सांगते.

परंतु येथें एक विचार मनांत येतो. अपघातप्रवण जागा ठरण्यास आधीं माणसें मरावीं लागतात! मेलेल्यांची मोजणी करून जिवंतांस वांचविणें हें योग्यच. पण कोणी मरण्यापूर्वींच धोका मोजतां आला तर किती बरें! नागपुरांत २०२१ सालीं सुरू झालेल्या एका प्रयोगांत शहराच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसविले गेले. धडक होण्याचा संभव दिसतांच यंत्र चालकास सावध करतें, आणि कोणत्या ठिकाणीं असे इशारे वारंवार मिळतात याची नोंदहि राहते. युरोपांत मालमोटारींत बसविलेलें टॅकोग्राफ नांवाचें यंत्र चालकाचे तास मोजतें, आणि साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटें विसांवा घेणें तेथें सक्तीचें आहे. आपल्याकडेहि १९६१ सालच्या कायद्यानें मोटार कामगारांस सामान्यतः दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. म्हणजे तत्त्व जुनेंच आहे. उणीव आहे ती मोजण्याची.

आणि मोजण्याचें साधन तरी कोठें कमी आहे? साखर कारखान्याच्या वजनकांट्यावर प्रत्येक गाडीचें वजन लिहिलें जातें. कोणत्या ट्रॉलीनें किती उंस आणला, हें हंगामांत रोज तेथें ठाऊक असतें. ती नोंद पैशाच्या हिशेबासाठीं वापरतात. तीच जादा भाराच्या हिशेबासाठीं वापरण्यास कोणता नवा खर्च आहे? गाडी आवारांत किती तास रांगेंत उभी राहिली, व तितके तास चालकाची झोंप बुडाली, हेंहि त्याच नोंदवहीवरून निघूं शकेल. आणि ज्या जी.पी.एस. यंत्रावरून "का थांबलास?" असा फोन जातो, त्याच यंत्रावरून "पांच तास झाले, आतां थांब" असा फोन कां जाऊं नये?

यावर गाडीमालक म्हणतील, "उशीर झाला तर भाडें बुडतें, तें कोण भरून देईल?" हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणूनच हा भार एकट्या मालकावर न टाकतां माल पाठविणारानें व मागविणारानेंहि विसांव्याचे तास धरूनच वेळ ठरवावी. चालक म्हणतील, "आमच्यावर आणखी एक पाळत!" त्यांचें भय तर अगदींच साधार आहे. आंकडे जर केवळ दंड करण्यासाठीं जमविले, तर चालक ते लपवितील; आणि लपविलेला आंकडा हा नसलेल्या आंकड्याहून वाईट. यासाठीं ज्याच्याविषयीं नोंद होते त्यास ती पाहण्याचा हक्क असावा, आणि थकलेल्या माणसास शिक्षा न होतां विश्रांति मिळावी. एरव्हीं यंत्र हें चाबकाचेंच नवें रूप ठरेल.

विद्यार्थिमित्रांनो, यांत तुम्हांसहि थोडें काम आहे. गणिताच्या वहींत शिकलेली सरासरी व आलेख परीक्षेपुरते ठेवूं नका. गांवांतील कोणत्या वळणावर अपघात होतात, कोणत्या वेळीं होतात, हें वडील माणसांस विचारून लिहून ठेवा. असा कागद ग्रामसभेपुढें ठेवल्यास नुसत्या तक्रारीपेक्षां त्याचें वजन अधिक पडतें. मात्र मोजणीसाठीं रस्त्यावर उभे राहूं नका. पालकांस विनंती एवढीच, कीं आपल्या ट्रॉलीच्या मागें लाल पट्टी आज संध्याकाळींच लावावी. तिला फार पैसे पडत नाहींत.

यंदाच्या पालक-सभेस ते गृहस्थ आले, तर वर्गांत पाऊल ठेवतांच मी त्यांस एक प्रश्न विचारणार आहें: "भाऊ, काल रात्रीं झोंप झाली का?" हाच प्रश्न ज्या दिवशीं त्यांच्या गाडींतील यंत्र विचारूं लागेल, त्या दिवशीं आपले आंकडे माणसांच्या कामीं आले असें मी समजेन.