काविता गावचं फाटक



शाळेत भूगोल शिकवताना मध्य अमेरिका मी दोन ओळींत उरकत असे. केळी, कॉफी, पनामाचा कालवा. चला, पुढचा धडा. त्या दोन ओळींची शिक्षा मला २०२४ च्या फेब्रुवारीत मिळाली. अमेरिकेतल्या लेकीने आठवडाभर कोस्टारिकाला नेलं. राजधानी सान होसेहून बसने चारेक तासांवर, कॅरिबियन समुद्राकाठी, काविता नावाचं गाव. मला आधी 'कविता'च ऐकू आलं!

पर्यटक इथे येतात ते प्रवाळ, माकडं आणि झाडाला लटकलेले आळशी स्लॉथ बघायला. तेही मी पाहिले. पण मला आठवतात त्या दुसऱ्याच गोष्टी.

इथली जुनी कुटुंबं आफ्रिकी वंशाची. काहींचे पूर्वज कासवं पकडायला पनामाच्या बाजूने आले आणि राहिले, तर १८७० नंतर रेल्वेच्या कामासाठी जमैकाहून बरेच मजूर या किनारपट्टीत आले. म्हणून देश स्पॅनिश बोलणारा, पण गावातली म्हातारी माणसं त्यांची वेगळीच इंग्रजी बोलतात. भेटल्यावर म्हणायचं, 'वॉपिन!' म्हणजे 'काय चाललंय?' मीही तिसऱ्या दिवशी म्हणू लागले, तेव्हा समोरच्या आजीबाई हसल्या आणि खुर्ची पुढे सरकवली.

रविवारी घरोघरी राजमा घातलेला भात, नारळाच्या दुधात शिजवलेला. 'बेडकाचं पाणी' नावाचं पेय प्यायला मी धजत नव्हते. निघालं काय, तर गूळ, आलं आणि लिंबू! नारळाचं तर विचारूच नका. कॅरिबियन किनाऱ्यावरचा माड मूळचा आपल्या हिंदी महासागराकडचा, पोर्तुगिजांनी अटलांटिकपलीकडे पोचवलेला, असं २०११ सालच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं.

गावचे गायक वॉल्टर फर्ग्युसन २०२३ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी वारले. गावातल्या घडामोडींवर ते कॅलिप्सो रचायचे, घरच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरायचे आणि पर्यटकांना विकायचे. प्रत्येक कॅसेट नव्याने गायलेली, दुसरी प्रत नाही. पुढे चाहत्यांनी देशोदेशी त्या कॅसेट शोधल्या.

पण खरं बोलायचंय ते फाटकाबद्दल. गावाला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे, १९७८ पासूनचं. गावाच्या बाजूच्या फाटकाला ठरलेलं तिकीट नाही. वहीत नाव लिहायचं आणि मनाला येईल ती देणगी द्यायची. मी विचारलं, असं का? तर १९९४ मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचं तिकीट एकदम १५ डॉलर केलं. पर्यटक आलेच नाहीत तर गावाने खायचं काय? लोकांनी फाटकच ताब्यात घेतलं. भांडण चिघळलं नाही. वाटाघाटी होऊन कारभारात गावकऱ्यांना वाटा मिळाला. दूरच्या दुसऱ्या फाटकाला तिकीट आहेच. फुकटे सगळीकडे असतात, तसे इथेही असतील. पण उद्यान उजाड झालेलं मला दिसलं नाही.

त्याच समुद्रात दोन बुडालेली जहाजं आहेत. 'चाच्यांची' म्हणून ती ओळखली जात. २०२५ च्या एप्रिलमध्ये, मी घरी परतल्यावर, बातमी वाचली: ती १७१० साली बुडालेली डॅनिश गुलामवाहू जहाजं आहेत, हे विटा आणि लाकडाच्या तपासणीने सिद्ध झालं. जहाजं बुडण्याआधी शेकडो आफ्रिकी माणसं याच किनाऱ्यावर उतरवली गेली होती. या शोधकामात त्या किनाऱ्यावरची, पाणबुडीचं शिक्षण घेतलेली तरुण मुलंही होती. आपल्या समुद्रात काय आहे हे त्यांनी स्वतः उतरून पाहिलं.

माझं मत साधं आहे. गाव बघण्यासारखं राहतं ते समुद्रामुळे नव्हे. समुद्राकडे जायची वाट गावाच्या हातात असते म्हणून.

हे मी कोणत्या तोंडाने सांगते? २००६ मध्ये आम्ही भावंडांनी कोकणातलं आगर विकलं. सही माझीही होती. पैसे चोख मिळाले, कुणी फसवलं नाही. पण आज तिथे उंच भिंत आहे, आणि बेड्यातून समुद्रावर जाणारी जी वाट आमच्याबरोबर सारी आळी वापरायची, ती बंद आहे. शेजारच्या काकू मासळी आणायला लांबून वळसा घालतात. तेव्हा 'वाटेचं काय?' असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. भूगोलाच्या बाईंनीही नाही.

आता उरलेल्या आठ गुंठ्यांसाठी गिऱ्हाईक आलंय, असं दादाचा फोन होता. दादा, तूही हे वाचतोसच. विकायचं तर विकू. आपल्यापैकी तिथे राहणारं कुणी नाही. पण आळीची वाट खरेदीखतात लिहून घेतल्याशिवाय या वेळी माझी सही मिळणार नाही. भाव थोडा कमी आला तरी चालेल.

असो. तुमच्या गावची वाट अजून उघडी आहे का? जरूर कळवा.