भाड्याच्या खोलीत अख्खे घर

पळसदरीहून कर्जत-खोपोली लोकल धरून शिकायला, कामाला जाणारी आपली मुले-मुली आता संगणकाच्या धंद्यात शिरू लागली आहेत. मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो आणि ‘व्हीएम उभी करतोय’ म्हणतो. आईला वाटते, खेळत बसला. बापाला वाटते, फीचे पैसे पाण्यात गेले. म्हणून या आठवड्यात आम्ही या कामाची फोड करून सांगत आहोत. नावे अवघड वाटली तरी आयाबहिणींनी पुढे वाचावे, कारण गोष्ट घरातलीच आहे.

एका मोठ्या संगणकाची सगळी ताकद एका कामाला लागत नाही. ती वाटून त्याच्या पोटात अनेक लहान संगणक चालवता येतात. प्रत्येकाला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःची कार्यप्रणाली. डोळ्यांना दिसत नाही, पण काम खरेखुरे करते. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच ही सोय आपल्या मोठ्या यंत्रांवर आणली होती. २००७ साली ती केव्हीएम या नावाने लिनक्समध्ये आली आणि गरिबाच्या पोरालाही मोकळी झाली.

दुसरा प्रकार कंटेनरचा. हमरस्त्यावरून जाणारे लोखंडी कंटेनर आपण रोज पाहतो. आत काय आहे याच्याशी ट्रेलरला कर्तव्य नसते. पेटी ठरल्या मापाची, म्हणून ती कुठेही चढते, कुठेही उतरते. प्रोग्रामही त्याच्या लागणाऱ्या सामानासकट असाच बांधतात.

दोहोंतला फरक चाळीवरून कळेल. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. संसार वेगळा, पण जिना आणि नळ सर्वांचा एक. म्हणून भाडे कमी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतःचा पाया असलेले स्वतंत्र घर. खर्च जास्त, पण आतला कायदा आपला.

हजारो कंटेनर सांभाळायला मुकादम लागतो. गूगलने २०१४ साली खुला केलेला कुबरनेटीज हा तो मुकादम. कोणते काम कोणत्या यंत्रावर टाकायचे ते तो ठरवतो, आणि एक बंद पडला तर दुसरा उभा करतो. अडचण अशी, की कार्यालयांतले कित्येक जुने प्रोग्राम चाळीत राहायला तयार नसतात. त्यांना स्वतंत्र घरच हवे. मग दोन व्यवस्था, दोन खर्च.

यावर काढलेला तोडगा म्हणजे कुबव्हर्ट. रेड हॅट कंपनीतल्या लोकांनी तो सुरू केला आणि जुलै २०२३ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. यात एकेका व्हर्च्युअल मशीनला कंटेनरच्या खोलीत बसवतात आणि मुकादम एकच राहतो.

आपला मुलगा जे लिहीत बसतो ते या मुकादमाला द्यायचे मागणीपत्र असते. यंत्राचे नाव काय, प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्क कुठली, चालू ठेवायचे की बंद. कागद बरोबर असेल तर यंत्र उभे राहते. एखादी ओळ दोन अक्षरे आत-बाहेर झाली तरी मुकादम कागद परत करतो. म्हणून रात्र जाते.

शिकणाऱ्याने एक धोका ध्यानात ठेवावा. सरावासाठी सहसा ‘कंटेनर डिस्क’ वापरतात. ती भाड्याच्या भांड्यांसारखी आहे. यंत्र थांबवून पुन्हा चालू केले की आत लिहिलेले सारे गेलेले असते. जपून ठेवायचा मजकूर असेल तर कायमची जागा आधी मागून घ्यावी लागते. दुसऱ्याच्या कार्यालयात ही चूक झाली तर कुणाच्या पगाराचा हिशेब पुसला जाईल.

आता पोटापाण्याचे. या बाजारातली व्हीएमवेअर ही मोठी कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली. पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमचा परवाना देणे बंद झाले, दर मुदतीला पैसे मोजणे आले. तेव्हापासून अनेक कंपन्या दुसरी वाट शोधत आहेत, आणि कुबव्हर्ट त्यांतली एक आहे. आपल्या पनवेलला २०२० साली योट्टाचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. ऐरोली, महापे, रबाळे येथेही अशी केंद्रे आहेत. तिथे केवळ पहारा आणि सफाईच्या कामाला आपली माणसे जावीत, असे कुठे लिहून ठेवलेले नाही.

कुबरनेटीज, कुबव्हर्ट आणि लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्या, सारे फुकट मिळते. म्हणून कर्ज काढून क्लास लावण्याआधी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. लिनक्स आधी शिकवणार का? मुलाच्या हाती स्वतंत्र यंत्र देणार का? फीमध्ये परीक्षेचा खर्च धरला आहे का? उत्तर गोलमाल आले तर पाय मागे घ्यावा. घरी जुना संगणक असला तरी सुरुवात होते. सोळा जीबी मेमरी असेल तर बरे, आणि बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावे.

वस्तीतल्या अभ्यासिकेत असा एक संगणक चौघांनी मिळून ठेवला, तर चार घरांचा खर्च वाचेल. त्यावर मुलींचीही पाळी लावावी, आणि ती संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेची नसावी, एवढेच आमचे सांगणे.