मंद गतीचें वळण

वेगापासून सावध राहा असा उपदेश आपण मुलांना नेहमींच करतों. या महिन्यांत मला लिहावयाचें आहे तें उलट बाजूविषयीं : मोटारसायकल हळू वळवितांना जी फजिती होते तिच्याविषयीं. या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीनेंच प्राप्त झाला आहे.

माझी भाची शिरूरला राहते व रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करते. तिला मोटारसायकल शिकविली ती मींच. गेल्या पौषांत आईला, म्हणजे आमच्या ताईला, मागें बसवून ती दौंडास माझ्याकडे निघाली. उसाचा हंगाम भरांत होता. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत उसानें लादलेल्या ट्रॉल्यांमागून ती सांभाळून आली. सोलापूर हमरस्त्यावरची वर्दळही तिनें निभावली. माझ्या दारावरून मात्र चार घरें पुढें गेली, परत फिरण्यासाठीं गल्लींतच उजवीकडे वळली, आणि माणसाच्या चालीनें जाणारी ती गाडी आडवी झाली. भाचीचा गुडघा खरचटला. ताईचें मनगट मोडलें.

"आतां ही गाडी विकून टाका," असें ताई प्लास्टर ओलें असतांनाच म्हणाली. गाडी गेली तर पाळीची नोकरी सांभाळणें कठीण, हें तिला ठाऊक नव्हतें असें नाहीं. भाची खालीं मान घालून म्हणाली, "मामा, तुम्ही शिकविलेलें सगळें मी केलें होतें." तें खरेंच होतें. गाडी सुरू करणें, गिअर बदलणें, थांबविणें हें मीं शिकविलें. हळू वळणें शिकविलें नाहीं. मलाही तें कोणीं शिकविलें नव्हतें. पाय टेकवीत टेकवीत मी आजवर वळत आलों, आणि पाय लांब म्हणून निभावलें.

दौंडच्या माणसाला वळणाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या आगगाड्यांचें इंजिन वर्षानुवर्षें आमच्या स्थानकांत एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास लावावें लागे. कॉर्ड लाइनचा वळसा झाल्यावर अनेक गाड्यांची ती यातायात टळली. रुळांचा वळसा अभियंता एकदांच आंखून देतो. मोटारसायकलचा वळसा प्रत्येक वेळीं चालकानें आंखावा लागतो.

वेगांत असलेली दुचाकी आपला तोल बऱ्याच अंशीं आपणच सांवरते. हें केवळ चाकांच्या भ्रमणामुळें होतें अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु २०११ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत संशोधकांनीं दाखविलें कीं, तो परिणाम नाहींसा केला तरीही विशिष्ट रचनेची सायकल तोल राखूं शकते. झुकल्या बाजूस पुढचें चाक आपोआप वळतें, हें त्यांतलें मर्म. गति अगदीं मंदावली म्हणजे मात्र ही कृपा संपते, आणि सारा भार चालकाच्या हातापायांवर व डोळ्यांवर येतो.

भाचीचें काय चुकलें, तें आम्ही मग शांतपणें पाहिलें. भिऊन तिनें क्लच पुरा दाबला. त्यामुळें चाकाला मिळणारा जोर तुटला. गाडी झुकूं लागतांच पुढचा ब्रेक आंवळला. हँडल वळलेलें असतांना हें म्हणजे पडण्यास आमंत्रणच. नजर होती कडेच्या गटारावर. शिवाय वळण उजवें. आपल्याकडील मोटारसायकलींचा मागचा ब्रेक उजव्या पायाखालीं असतो. म्हणजे गाडी ज्या बाजूस पडूं पाहते, त्याच बाजूचा पाय गुंतलेला. पाय टेकण्यावरच ज्याची भिस्त, त्याची येथें गाळण उडते.

ताई माझ्याकडेच राहिली, गाडीही अंगणांत राहिली, आणि भाची दर रविवारीं एस.टी.नें येऊं लागली. हेल्मेट, हातमोजे व बूट घालून आम्ही गांवाबाहेरच्या मैदानावर जात असूं. पहिल्या रविवारीं केवळ सरळ रेषा : पहिला गिअर, इंजिनाचा जोर चाकास नुकता लागतो तेथवरच सोडलेला क्लच, अॅक्सिलरेटर किंचित पण स्थिर, आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. जोर तोडावयाचा नाहीं, आवरावयाचा. अर्धवट क्लच तापतो व झिजतो, म्हणून मधूनमधून विश्रांति. दुसऱ्या रविवारीं मोठें वर्तुळ, मग लहान, दोन्ही बाजूंनीं. गाडी आंत झुकूं द्यावी, अंग किंचित बाहेर तोलावें, पुढच्या ब्रेकवरचीं बोटें काढावीं, आणि मान वळवून जेथें जावयाचें तेथेंच पाहावें.

तिसऱ्या रविवारीं इंग्रजी आठाचा आंकडा. "हा तर मीं परवान्याच्या परीक्षेंत काढला होता," भाची म्हणाली. काढला होता, पण अंगवळणीं पडला नव्हता. क्रिकेट खेळणारीं मुलें हंसूं लागलीं तशी ती संकोचली. तेव्हां मीं गाडी घेतली, आणि उजव्या वळणावर पाय टेकवून मोकळा झालों! मुलें अधिकच हंसलीं, भाचीही हंसली. त्या दिवसापासून शिष्य दोन झाले. पुढें मला मागें बसवून तिनें तोच आंकडा काढला, कारण मागच्या माणसाच्या भारानें तोल पालटतो.

प्लास्टर निघून हाताला बळ आल्यावर एके सकाळीं ताई दारांत उभी राहिली. "वळून दाखव," एवढेंच म्हणाली. भाची गल्लींत एकदां डावीकडून, एकदां उजवीकडून वळली. पाय टेकला नाहीं. ताईनें खुंटीवरचें दुसरें हेल्मेट काढलें. "सिद्धटेकास जाऊन येऊं," असें म्हणून ती मागें बसली.

ज्यांच्या घरीं मुलगा किंवा मुलगी नव्यानें गाडी शिकत असेल, त्यांनीं ती किती वेगानें जाते हें विचारूं नये. दारापुढें हळू वळावयास सांगावें, आणि न हंसतां पाहावें.