डॉक्टर मीटिंगला गेलेत

भिलाईकर मंडळी, ओपीडीची चिठ्ठी हातात, बाजूला तापानं फणफणलेलं पोर आणि शिपाई सांगतो, ‘डॉक्टर मीटिंगला गेलेत.’ राग येतोच ना? मलाही येतो. नुसते आकडे वाचून दाखवायला डॉक्टर कशाला? ते काम एका कागदानं भागतं.

पण सगळ्याच बैठका फुकट नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी सगळे क्षणभर थांबतात. रुग्ण कोण, कुठली बाजू, रक्त किती जाईल? नर्सनंही बोलायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. ही उभ्याउभ्या झालेली मीटिंगच की!

बाळंतीण दगावली तर उशीर घरी झाला, वाटेत की दवाखान्यात, हे शोधायची बैठकही हवीच. तिथे डॉक्टरांनी घड्याळ बघू नये. बाकीच्या मात्र ओपीडी आटोपल्यावर घ्या. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांना जीवनदीप समिती असते. तिच्यातलं कुणी ओळखीचं असेल, तर एवढं त्यांच्या कानावर घालाच.