असत्य न बोलणाऱ्यांचा दरबार

हॉली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची २०१८ साली प्रसिद्ध झालेली ‘द क्रूएल प्रिन्स’ ही कादंबरी तरुण वाचकांना, विशेषतः मुलींना, एवढी मोहिनी का घालते, याचा विचार न करताच तिला स्वप्नरंजनाच्या सदरात दाखल करून मोकळे होणे हा त्या वाचकांवर उघड अन्याय आहे. आपल्या आईबापांचा वध करणाऱ्या सेनापतीच्याच घरी, ‘फे’ नामक अमानुष, लावण्यमय लोकांच्या राज्यात वाढलेली ज्यूड ही मर्त्य कन्या जादूचा अंमल चढू नये म्हणून अन्नावर मीठ भुरभुरते आणि रोवन वृक्षाच्या फळांची माळ गळ्यात घालते. त्या दरबारातील उमरावांना असत्य बोलता येत नाही. तिला येते, आणि हे सामर्थ्य तिला तलवारीइतकेच उपयोगी पडते. ज्या राजपुत्राने तिची पदोपदी मानहानी केली, त्याच्याविषयी मनात अनुराग उपजत असतानाही ती विवेक गहाण टाकीत नाही. उलट एक वर्ष आणि एक दिवस आपला हुकूम पाळण्याचे वचन त्याच्याकडून घेते. दुर्बलाने बुद्धीच्या बळावर मिळविलेली ही सत्ता हेच या कथेचे खरे आकर्षण होय. क्रौर्यालाच प्रेम समजण्याचा धोका तीत आहे, हे मान्य. म्हणूनच वडीलधाऱ्यांनी ते पुस्तक मुलींच्या हातून हिसकावून न घेता स्वतः वाचावे आणि मग त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.