नाव कोणाच्या नावावर?

गेल्या अंकाचे गठ्ठे टपालात टाकून आठ दिवस झाले असतील. दुपारी कार्यालयात फोन वाजला. पलीकडे आपल्या एका तालुका गटाची कार्यकर्ती होती. "ताई, आपल्या संघटनेची वेबसाइट उघडली तर पत्त्यांचा जुगार दिसतोय. पैसे लावा म्हणतायत. तुम्ही काही बदललंत का?" आम्ही काहीच बदलले नव्हते, आणि घोटाळा नेमका त्यातच होता. इंटरनेटवरचे आपले नाव, ज्याला डोमेन नेम म्हणतात, त्याची मुदत संपली होती. ती वाढवायची राहून गेली आणि तिसऱ्याच कोणीतरी ते नाव उचलले.

हे नाव २०११ साली घेतले तेव्हा आमच्यापैकी कोणालाही त्यातले फारसे कळत नव्हते. एका कार्यकर्तीचा भाचा कॉम्प्युटरचे शिकत होता. त्याने दोन रविवार बसून वेबसाइट करून दिली. पैसे घेतले नाहीत. खाते त्याच्या नावाचे, ई-मेल त्याच्या कॉलेजचा, मोबाइल त्याचा, कार्ड त्याच्या वडिलांचे. दरवर्षी नूतनीकरण झाले की तो फोन करून सांगायचा आणि आम्ही त्याला पैसे पाठवायचो. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, नंबर बदलला, कॉलेजचा ई-मेल बंद झाला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत जाऊन पडत राहिल्या. त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण फोनवर तो अगदी रडकुंडीला आला होता.

दोष आमचा आहे. "घर कोणाच्या नावावर आहे? सातबारा काढून पाहिलात का?" असे विचारत आम्ही वर्षानुवर्षे गावोगाव फिरलो. १९९४ साली महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला तेव्हा पत्रके छापून वाटली. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी चार दिवस थांब, असे कितीतरी बहिणींना समजावले. आणि स्वतःच्या संघटनेचे नाव कोणाच्या नावावर आहे, हे मात्र एकदाही काढून पाहिले नाही. "आपलाच तर मुलगा आहे" हे वाक्य दुसऱ्याच्या घरात ऐकले की आमचे कान लगेच टवकारतात. आमच्याच बैठकीत ते कोणीतरी म्हटले असणार आणि आम्ही माना डोलावल्या असणार.

जुगाराची जाहिरात पाहून लाज वाटली, पण झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. डोमेन नेम ज्याच्या ताब्यात असते, त्या नावावर येणारी पत्रेही त्याच्या ताब्यात जाऊ शकतात. आपल्या मदत केंद्राचा ई-मेल पत्ता त्याच नावावर होता. नवा धारक मनात आणेल तर तोच पत्ता पुन्हा सुरू करून त्यावर येणारे प्रत्येक पत्र वाचू शकतो. त्या पत्त्यावर कोण लिहिते, हे तुम्हाला सांगायला नको. घर सोडून निघालेली बाई लिहिते, कुठे उतरली आहे तेही लिहिते. जुनी पत्रे आमच्याकडे सुखरूप आहेत, पण पत्रक वाचून आज नव्याने लिहिणारीचे पत्र कोणाच्या हाती पडते, ते आम्ही पाहू शकत नाही. शिवाय त्या ई-मेलवर उघडलेल्या इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे निरोपही त्याच पत्त्यावर जातात. पहिल्या संध्याकाळी आम्ही बाकी सगळे सोडून अशी खाती शोधून त्यांचा ई-मेल बदलत बसलो. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी हेच करा, वकिलाला फोन त्यानंतर.

आता थोडे मालकीविषयी. डोमेन नेम "विकत घेतले" असे आपण म्हणतो, पण ते कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. त्या मुदतीत ते वापरण्याचा आणि मुदत संपण्याआधी ती वाढवून घेण्याचा हक्क ज्याच्या नावे नोंद आहे त्याचा. म्हणजे गाठ खरेदीखताशी नसून भाडेपट्ट्याशी आहे. .कॉम, .ऑर्ग अशा नावांचे नियम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली अमेरिकेतली संस्था ठरवते, .इनचा कारभार आपल्याकडे निक्सी पाहते, आणि आपला व्यवहार होतो तो यांच्या परवान्याने नावे नोंदवणाऱ्या कंपनीशी, रजिस्ट्रारशी. .कॉम-.ऑर्गच्या बाबतीत मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. मुदत उलटली की बरेच रजिस्ट्रार काही दिवस थांबतात. नाव रद्द केले तरी त्यानंतर तीस दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येते, गहाण टाकलेला दागिना सोडवावा तसे. मात्र काही रजिस्ट्रार तिथपर्यंत थांबतच नाहीत, मधेच नाव लिलावात काढतात. आमचे तसेच गेले.

मग कायदा काय म्हणतो? भारतात डोमेन नेमसाठी वेगळा कायदा नाही. पण न्यायालयांनी हात वर केलेले नाहीत. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफचा दावा आला. कोणीतरी एक अक्षर बदलून "रॅडिफ" नावाने दुकान थाटले होते. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने मनाई दिली. पुढे २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व देशभरासाठी पक्के केले. न्यायपीठात न्यायमूर्ती रूमा पाल होत्या, याची आपण आपल्यापुरती नोंद घ्यायला हरकत नाही. खालच्या न्यायालयाने दिलेली मनाई कर्नाटक उच्च न्यायालयाने उठवली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. आधार होता "पासिंग ऑफ"चा, म्हणजे दुसऱ्याने कमावलेल्या नावावर आपला माल खपवण्याला मनाई. यासाठी नावाची नोंदणी झालेली असलीच पाहिजे असे नाही. त्या नावाने तुम्ही काम केले आहे आणि लोक तुम्हाला त्या नावाने ओळखतात, हे मात्र सिद्ध करावे लागते.

इथे आपल्यासारख्यांची एक खास अडचण आहे. "सिफी" हा बनवलेला शब्द होता, जगात दुसरीकडे कुठे तो नव्हता. आपण नावे ठेवतो सखी, मैत्रीण, नारी, अस्मिता. शब्द सगळ्यांचे आहेत म्हणून तर आपण ते निवडतो, आणि नेमक्या त्याच कारणाने ते एकट्या आपले आहेत असे न्यायालयाला पटवणे जड जाते. त्यात रोमन लिपीचा घोळ. "स्त्री" हा शब्द तीन जणी तीन प्रकारे लिहितात, आणि त्यातला प्रत्येक प्रकार वेगळे डोमेन नेम ठरतो. (.भारत घेऊन देवनागरीतही नाव नोंदवता येते, तिथे निदान ही कटकट नाही.)

डोमेन नेमच्या मालकीचा जगातला सर्वांत गाजलेला खटला ज्या नावावरून झाला, ते आपल्या मासिकात छापताना प्रुफे तपासणारीने भुवया उंचावल्या. नाव होते सेक्स डॉट कॉम. गॅरी क्रेमेन याने ते १९९४ साली नोंदवले. स्टीफन कोहेन याने १९९५ मध्ये नोंदणी करणाऱ्या कंपनीला एक बनावट पत्र पाठवले. क्रेमेनच्या व्यवसायाने त्याला काढून टाकले आहे आणि हे नाव कोहेनला द्यायचे ठरले आहे, असा मजकूर. पत्र टपालाने का, तर म्हणे आमच्याकडे इंटरनेटची सोय नाही! इंटरनेटच्या धंद्यातल्या कंपनीने त्यावर विश्वास ठेवला, क्रेमेनला एक फोनही केला नाही आणि नाव कोहेनकडे गेले. २००० साली न्यायालयाने ते परत मिळवून दिले. कोहेनवर साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामा झाला, पण तो मेक्सिकोत पळाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन नेम ही मालमत्ता आहे, ती भलत्याच्या हाती दिली तर नोंदणी करणारी कंपनीही जबाबदार ठरू शकते, असा निर्णय दिला. तो लिहिणारे न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांच्यावर पुढे अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि २०१७ साली त्यांनी पद सोडले. निर्णय चांगला आहे म्हणून तो आपण वापरायचा, आणि हेही विसरायचे नाही.

न्यायालयाशिवाय दुसरा एक रस्ता आहे. १९९९ साली आयकॅनने एक तंटानिवारण पद्धत ठरवली, तिला यूडीआरपी म्हणतात. .इनसाठी अशीच वेगळी पद्धत आहे. यूडीआरपीत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव आपल्या चिन्हाशी तंतोतंत किंवा फसवे साम्य असणारे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन तसेच वापरले आहे. तिन्ही हव्यात, दोन चालत नाहीत. जिंकलात तर नाव परत मिळते किंवा रद्द होते, नुकसानभरपाई एक पैसाही नाही. वायपो या जिनिव्हाच्या संस्थेकडे एका पंचापुढे तक्रार करायची तर फी दीड हजार डॉलर, म्हणजे आजच्या भावाने सव्वा लाख रुपयांच्या पुढे. आपल्या मदत केंद्राचे कितीतरी महिने तेवढ्यात निघतात.

तरीही मी पुरावा गोळा करायला बसले, आणि इथे कपाटातल्या धुळीने साथ दिली. पहिल्या अंकापासूनच्या फायली, मोर्चांची पत्रके, वर्तमानपत्रांतली कात्रणे, सभांची निमंत्रणे. हे नाव आम्ही किती वर्षे, कुठे आणि कशासाठी वापरले, याचा याहून चांगला पुरावा नाही. नाव वापरल्याचा पुरावा खोलीभर निघाला. नोंदणीचा पुरावा मात्र चिटोराभरही नाही. पावत्या भाच्याच्या नावाच्या. आम्ही पाठवलेले पैसे वहीत "किरकोळ खर्च" या सदरात. कार्यकारिणीचा ठराव नाही. नाव संस्थेसाठी घेतले आहे, अशी त्याची दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. पूर्वी हूइज नावाच्या उघड्या नोंदवहीत धारकाचे नाव कोणालाही दिसायचे. २०१८ पासून बहुतेक वैयक्तिक तपशील झाकलेले असतात. आपल्यासारख्यांना, विशेषतः धमक्या येणाऱ्या कार्यकर्त्यांना, ते सोयीचेच आहे, पण त्यामुळे आपल्या बाजूचा कागद आपणच जपावा लागतो.

म्हणून नवे नाव घेताना काय केले ते सांगते. अर्ज भरताना "संस्था" या रकान्यात संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव लिहिले. तो रकाना लोक रिकामा सोडतात, आणि मग ज्या व्यक्तीचे नाव वर असते तीच धारक ठरते. ई-मेल संस्थेचा दिला, पण त्याच डोमेनवरचा दिला नाही, कारण नाव बंद पडले की त्यावरची पेटीही बंद पडते आणि सूचना पोचतच नाही. मोबाइल कार्यालयाचा. मुदत दहा वर्षांची. परवानगीशिवाय नाव दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून कुलूप लावले. वेबसाइट करणारा वेगळा, नावाचे खाते वेगळे. त्याला कामापुरता प्रवेश दिला आहे, खात्याचा पासवर्ड दिलेला नाही. पैसे संस्थेच्या बँक खात्यातून गेले, पावती संस्थेच्या नावाची, ठराव इतिवृत्तात, आणि नाव डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढवले. खुर्च्या आणि पंखे जिथे चढवतो तिथेच. हिशेब तपासनीस हसले, पण त्यांनी शिक्का मारला. ई-मेलवरचे पुरावे न्यायालयात न्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ ई-मेल पुसून टाकू नका, नुसते छापील कागद पुरत नाहीत.

नोंदणी न केलेल्या गटांचा प्रश्न राहतोच. आपल्यापैकी कित्येक गटांनी विचारपूर्वक नोंदणी टाळली. सरकारी चौकट नको, अध्यक्ष-सचिवांची उतरंड नको, हे म्हणणे मला आजही पटते. पण नोंदणी नसलेला गट स्वतःच्या नावे काही धारण करू शकत नाही, म्हणजे नाव कोणा एकीच्याच नावे राहणार. मग भांडण झाले, ती गाव सोडून गेली किंवा वारली, तर? अशा गटांनी निदान साध्या कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवावे की अमुक मैत्रिणीने हे नाव गटातर्फे धारण केले आहे आणि गट सांगेल त्याच्याकडे ती ते सोपवेल. पासवर्ड दोघींकडे हवा. याला अविश्वास म्हणणाऱ्या मैत्रिणी भेटतात. मी त्यांना एवढेच विचारते, की आपण वाटणीपत्र लिहून घ्यायला सांगतो तेव्हा भावंडांवर अविश्वास दाखवत असतो का?

जुन्या नावासाठी लढायचे नाही, असे गेल्या बैठकीत ठरले. दोघींचा विरोध होता, तो इतिवृत्तात नोंदवला आहे. नवा पत्ता मागच्या पानावर आहे. जुना पत्ता छापलेली मदत केंद्राची सुमारे तीन हजार पत्रके अजून एसटी स्थानकांवर, दवाखान्यांत आणि अंगणवाड्यांत आहेत. ती परत आणा किंवा जिथल्या तिथे त्यांवर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या डकवा. चिठ्ठ्या छापून आल्या आहेत. रविवारी अकरा ते पाच कार्यालयात कोणीतरी असते. डिंक आहे, कात्र्या कमी पडतात, येताना एक घेऊन या.

— संपादक